आधी एक गाणं पूर्ण होऊ द्या



मुलानं गिटारचा हट्ट धरला तेव्हा पैसे कशाला जाताहेत हे तुम्हाला निदान दिसत तरी होतं. दुकानात गेलात, वस्तू हातात घेतलीत, घासाघीस करून एक पिशवी आणि दोन-चार पिक फुकटात पदरात पाडून घेतलीत. आता दोन-तीन वर्षांनी घरातून नवी मागणी आली आहे: रेकॉर्डिंग करायचंय, सॉफ्टवेअर घेऊन द्या. किंमत डॉलरमध्ये, वस्तू हातात येणार नाही, आणि यूट्यूबवरचा प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो. माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाबा अलीकडे हमखास विचारतात, ‘‘सर, हे नेमकं काय असतं? आणि खरंच लागतं का?’’

उपयोगी नक्की पडतं. वाजवताना मुलाचं अर्धं लक्ष बोटांत अडकलेलं असतं. कॉर्ड बदलताना आपण लय पुढे ढकलतोय, तिसरी तार नीट दाबली जात नाही म्हणून खरखरतेय, हे त्याला कळतच नाही. मी दर आठवड्याला सांगतो, ‘‘घाई करतोयस, थांब जरा.’’ पटत नाही. मेट्रोनोमसोबत केलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग एकदा ऐकलं की मुकाट्यानं पटतं.

घरी बसून एकट्यानं रेकॉर्डिंग करणं हा तसा गिटारवाल्यांचाच जुना उद्योग. अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवादकानं हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजात तबकड्यांवर एकावर एक आवाज चढवत गिटारचे आठ भाग एकट्यानं वाजवले, ते ‘लव्हर’ नावानं १९४८ मध्ये बाजारात आले. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीनं साध्या कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. तेच यंत्र न्यू जर्सीतल्या घरात ठेवून ब्रूस स्प्रिंगस्टीननं काही गाणी नमुन्यादाखल करून ठेवली, आणि शेवटी तीच १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ या अल्बममधून बाहेर आली. मुलाला रेकॉर्डिंग सुचलं म्हणजे अभ्यास बुडवायची नवी युक्ती सापडली, असं लगेच समजू नका.

सॉफ्टवेअर करतं काय, तेही सांगतो. एका ट्रॅकवर ऱ्हिदम गिटार, दुसऱ्यावर लीड, तिसऱ्यावर आवाज, चौथ्यावर ड्रमचा ठेका, असे थर एकाखाली एक रचता येतात. प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करता येतो, चुकलेल्या चार मात्रा पुन्हा वाजवून तिथे बसवता येतात, आणि इलेक्ट्रिक गिटार असेल तर अ‍ॅम्प आणि पेडलचे आवाज कॉम्प्युटरच्या आतच मिळतात. बाकी जे काही जाहिरातीत लिहिलेलं असतं ते पहिल्या दोन वर्षांत तुमच्या मुलाच्या कामाचं नाही.

कोणतं घ्यायचं, याचं उत्तर बरंचसं तुमच्या घरात आधीच ठरलेलं असतं. घरात अ‍ॅपलचा मॅक, आयपॅड किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड वापरू द्या. २००४ पासून आहे, फुकट आहे, त्यात अ‍ॅम्प आहेत, आपोआप वाजणारा ड्रमर आहे. अशा घरातल्या मुलानं दुसऱ्या कशासाठी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. घरात फक्त अ‍ॅन्ड्रॉइड फोन असेल तर बँडलॅब. तेही फुकट. ते फोनवर चालतं आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येही उघडतं. फोनच्या माइकवर अकूस्टिक गिटारचं कच्चं रेकॉर्डिंग अगदी ठीक होतं. मात्र त्यात इतरांशी गाणी वाटून घेण्याचीही सोय आहे, म्हणजे ते थोडंफार सोशल मीडियाच. मूल लहान असेल तर खातं त्याच्याबरोबर बसून उघडा.

खरा घोळ विंडोज लॅपटॉप असलेल्या घरात होतो, आणि आपल्याकडे बहुतेक घरं तीच.

तिथे पहिलं नाव ऐकू येतं ऑडॅसिटीचं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये हे काम सुरू झालं, सॉफ्टवेअर मुक्त आहे, एक पैसाही पडत नाही. एकट्या गिटारचा रियाज रेकॉर्ड करायचा, पुढचा-मागचा भाग कापायचा, फाइल सरांना पाठवायची, एवढ्यासाठी उत्तम. पण इलेक्ट्रिक गिटार लावून वाजवतानाच हेडफोनमधून अ‍ॅम्पचा आवाज ऐकायचा तर ते त्याचं काम नाही. चार-पाच ट्रॅकचं गाणं रचायला लागलं की मूल वैतागतं. तेव्हा सुरुवात इथून होऊ द्या, पण इथेच अडकून राहण्याचा आग्रह नको. ट्रॅक्शन कंपनीचं वेव्हफॉर्म फ्री नावाचं सॉफ्टवेअर पुढच्या कामाला चालतं. फुकट आहे आणि फुकट असूनही ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा नाही. त्याची मांडणी इतरांपेक्षा वेगळी आहे, काहींना ती जमते, काहींना मुळीच नाही.

आता माझ्या पसंतीचं. तुमच्यातल्या पुष्कळांनी कॉलेजात असताना सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर विनॅम्पमध्ये गाणी ऐकली असतील. ते विनॅम्प करणारा जस्टिन फ्रँकेल पुढे गिटारवाल्यांच्या कामी आला. त्याच्या कॉकोस या छोट्या कंपनीचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर म्हणजे रीपर. संकेतस्थळावरून उतरवायचं आणि ६० दिवस फुकट वापरायचं, एकही सोय बंद न ठेवता. नंतर ठेवायचं असेल तर परवाना ६० डॉलरचा, म्हणजे आजच्या भावानं पाच हजार रुपयांहून थोडा जास्त. व्यावसायिक परवाना २२५ डॉलरचा आहे, पण तो ज्याची वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या वर आहे त्याच्यासाठी. तुमच्या अकरावीतल्या मुलीला त्याची काळजी नको. दोन्ही परवान्यांत सॉफ्टवेअर तेच मिळतं, स्वस्त परवान्यात काही कापून ठेवलेलं नाही. एकदा घेतला की पुढची मोठी आवृत्तीसुद्धा त्यातच येते, त्यामुळे ही रक्कम कित्येक वर्षं पुरते. शिवाय ते इतकं हलकं आहे की आठ जीबी मेमरीच्या, ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेल्या लॅपटॉपवरही चालतं. रीपरसाठी नवा लॅपटॉप मागितला जात असेल तर कारण वेगळं आहे. बहुधा गेमचं.

रीपरची उणी बाजूही सांगायला हवी. दिसायला रुक्ष आहे. आणि ते रिकाम्या स्वयंपाकघरासारखं आहे: ओटा, शेगडी, भांडी सगळं जागेवर, पण किराणा आपण आणून भरायचा. तयार ड्रम नाहीत, लाडके अ‍ॅम्प नाहीत. गिटारवाल्यांचं नशीब असं की हा किराणा फुकट मिळतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर खऱ्या अ‍ॅम्पचे आवाज टिपून ठेवतं, जगभरच्या लोकांनी टिपलेले असे शेकडो आवाज वाटून दिलेले आहेत. अ‍ॅम्प्लिट्यूब आणि गिटार रिग यांच्याही फुकट आवृत्त्या मिळतात. सावध राहायचं ते फुकट वस्तूंच्या ढिगातच. एक अ‍ॅम्प, एक रिव्हर्ब, एक डिले एवढ्यावर पहिली चार गाणी झाली पाहिजेत, असा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना घालतो. नाहीतर मुलं तासन्‌तास नॉब फिरवत बसतात आणि गिटार भिंतीला टेकलेली राहते.

मुलाच्या यादीत एफएल स्टुडिओ हे नाव हमखास असेल, कारण बीट्स बनवणारे सगळे तेच वापरतात. चांगलं आहे, एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. पण त्याची सगळ्यात स्वस्त आवृत्ती, फ्रूटी नावाची, त्यात गिटार किंवा आवाज रेकॉर्डच करता येत नाही! त्यासाठी वरची प्रोड्यूसर आवृत्ती लागते. स्वस्त दिसली म्हणून वाढदिवसाला भेट द्याल आणि पोरगं हिरमुसून बसेल. चाचणीच्या आवृत्तीत सेव्ह केलेलं काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

आणि एक विषय आहे जो मुलं तुमच्यासमोर काढणार नाहीत, पण माझ्यासमोर बिनदिक्कत काढतात. ‘‘सर, साठ डॉलर कशाला? मित्रानं पेनड्राइव्हमध्ये दिलंय की. क्रॅक्ड आहे.’’ चोरी ती चोरी, हे तर आहेच. पण मुलाला ते ऐकवण्याआधी तुम्ही व्यवहाराचं ऐका. अशा फाइली चालू करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तुमचं नेटबँकिंग, आयकराची कागदपत्रं, आजीच्या पासबुकाचे स्कॅन त्याच लॅपटॉपवर असतात. मी तर म्हणेन, या एका बाबतीत घरात चर्चा नको, थेट बंदी हवी. जिथे चांगलं सॉफ्टवेअर फुकट आणि त्याहून चांगलं पाच हजारांत मिळतं, तिथे क्रॅकला सबबच उरत नाही. रीपर साठ दिवसांनंतरही बंद पडत नाही, उघडताना फक्त पैसे भरायची आठवण करून देतं. कंपनीनं विश्वासावर सोडलं आहे. त्या विश्वासाचं काय करायचं हे सतरा वर्षांच्या मुलाशी जेवताना बोलण्यासारखं आहे. पाच हजार तुम्ही पूर्ण देऊ नका, हवं तर निम्मे त्याच्या खाऊच्या पैशांतून जाऊ देत, पण ते जाऊ देत.

दरमहा भाडं आकारणाऱ्या सॉफ्टवेअरपासून मात्र शिकाऊ मुलाला लांब ठेवा. महिन्याचा आकडा छोटा दिसतो, कार्ड तुमचं जोडलेलं असतं, आणि बारावीच्या वर्षात गिटार कपाटावर गेली तरी पैसे कापले जात राहतात. भाडं थांबलं की आपलीच गाणी उघडायची पंचाईत, ते वेगळंच.

मालकीचं सॉफ्टवेअरही कायम टिकेल असं नाही म्हणा. केकवॉक हे या क्षेत्रातलं जुनं, नावाजलेलं घराणं. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीच्या ताब्यात ते होतं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. शेकडो डॉलर मोजलेले लोक हवालदिल झाले. काही महिन्यांत सिंगापूरच्या बँडलॅबनं ते घेतलं आणि २०१८ मध्ये चक्क फुकट वाटायला सुरुवात केली. यातून मी एक सवय लावून घेतली आहे, तुमच्या मुलालाही लावा. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून ठेवायची. ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण आठ एमबी जागा लागते, चार मिनिटांचं दहा ट्रॅकचं गाणं सव्वातीनशे एमबीत बसतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत, संपलं.

एवढा वेळ सॉफ्टवेअरबद्दल बोललो, पण तुमचा खिसा हलका होणार आहे तो दुसऱ्याच वस्तूनं. तिचं नाव ऑडिओ इंटरफेस. गिटारची केबल एका बाजूला लावायची, दुसरीकडून यूएसबी लॅपटॉपला. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून येणारा संकेत फार नाजूक असतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तो घातला की आवाज पातळ आणि खरखरीत येतो, आणि मूल समजतं की सॉफ्टवेअर भिकार आहे. शिवाय उशिराचा त्रास. तार छेडली आणि हेडफोनमध्ये आवाज क्षणभरानं आला की लयीत वाजवणं अशक्य. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाचा आकडा असतो, तो १,०२४ असेल तर नुसता तिथेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो, १२८ केला तर तीनच. पण आकडा कमी करून काम निभवायला विंडोजवर एएसआयओ नावाचा ड्रायव्हर लागतो, तो बऱ्याचशा इंटरफेससोबत येतो. तोवर एएसआयओ-फोर-ऑल या फुकट ड्रायव्हरवर भागवता येतं, थोडी कटकट सोसून.

फोकसराइटचा स्कार्लेट सोलो हा घराघरांत दिसणारा इंटरफेस, बेहरिंगरचा यूएम-टू त्याहून स्वस्त. एका मुलाला दोन इनपुटपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत, दुकानदार आठ इनपुटचा दाखवू लागला तर हात जोडा. गिटारसाठी वेगळं इनपुट आहे ना, तेवढं पाहा, त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं लिहिलेलं असतं. आणि दुकानात जाण्याआधी घरातला अ‍ॅम्प उलटा करून मागची बाजू बघा. बॉस कटाना किंवा यामाहा टीएचआर असेल तर त्याला यूएसबीचं तोंड आहे आणि तोच इंटरफेसचं काम करतो, म्हणजे तुमचे पैसे वाचले. नव्या इंटरफेसच्या खोक्यात पुष्कळदा एब्लटन लाइव्ह किंवा क्युबेस यांच्या छोट्या आवृत्त्यांचा कोड मिळतो. खोकं रद्दीत टाकण्याआधी तो कागद काढून ठेवा. कोणाला तीच आवडली तर रीपरचीही गरज नाही.

केवळ अकूस्टिक गिटार असेल तर यूएसबी माइकवर काम होतं, इंटरफेस लागत नाही. माइक गिटारच्या भोकासमोर धरला की घुमतो, बाराव्या पट्टीच्या समोर फूटभर अंतरावर ठेवला तर आवाज स्वच्छ येतो. बाकी आपल्या फ्लॅटमध्ये फरशी गार आणि भिंती उघड्या, त्यामुळे कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसलेलं बरं, किंवा मागे गोधडी टांगलेली. पंखा बंद. कुकर नंतर. इलेक्ट्रिक गिटारमध्ये सतत घूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, निम्म्या घरांत दोष तिथे निघतो.

हेडफोनचं तेवढं मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मुलांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी ७५ डेसिबलच्या आत हवी, मोठ्यांसाठी ती ८० आहे. रात्री अकरानंतर डिस्टॉर्शन लावून लीड वाजवणारं मूल या हिशेबात बसत नाही. तासाभरानं कान मोकळे करायला लावा, तुम्ही सांगितल्याशिवाय ते होणार नाही.

एक शंका मला नेहमी ऐकू येते: चुका पुसता येऊ लागल्या की मूल रियाज कशाला करेल? शंका रास्त आहे. पहिल्या आठवड्यात मुलं दोन-दोन सेकंदांचे तुकडे जोडून सोलो ‘तयार’ करतात आणि खूश होतात. मग कधीतरी मित्र म्हणतो, ‘‘वाजवून दाखव,’’ आणि प्रकाश पडतो. ग्रेड परीक्षा देणाऱ्यांना तर हे लवकर कळतं, कारण ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या डिजिटल परीक्षेसाठी पाठवायच्या व्हिडिओत काटछाट चालत नाही. तुकडे जोडणं हे वेगळं कौशल्य आहे, तेही शिकू दे. पण आठवड्यातून एक रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत, न थांबता, असं ठरवून द्या.

तुमचं काम ऐकण्याचं. मत नाही दिलंत तरी चालेल. ‘‘छान’’ म्हणून फोनकडे वळू नका, आणि शेजारच्या काकांच्या मुलाचं तर नावही नको. ‘‘मधे ड्रम बंद होतात ती जागा तू मुद्दाम ठेवलीस का?’’ असं काहीतरी विचारा. संगीतातलं कळत नाही म्हणून अडू नका, प्रश्न विचारायला ते लागत नाही. आणि ते रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या गटावर मुलाला न विचारता टाकू नका. आजोबांचा अंगठा आला तरी मुलाचा विश्वास जातो.

तर क्रम असा ठेवू या. आधी घरात आहे त्यावर, फुकटात, एक गाणं पूर्ण. वाईट झालं तरी पूर्ण. मग इंटरफेस. त्यानंतर आणखी दोन-तीन गाणी झाली आणि मूल स्वतःहून मला हे कमी पडतं असं नेमकं सांगू लागलं, तर परवाना. ‘प्रोफेशनल’ म्हणून काहीतरी हवंय, हे कारण धरू नका. निवड शेवटी त्याची असू द्या, अटी तुमच्या: क्रॅक नाही, भाडं नाही, गाणं आधी.

मार्चमध्ये परीक्षा संपेल त्या दिवशी रीपर उतरवायला सांगा. ६० दिवस म्हणजे मे महिना हाताशी येतो, सुट्टीतलं गाणं तेवढ्यात होतं. तोवर कार्ड पाकिटातच राहू द्या.